पेरभर ढील

अमरावतीत मास्तर म्हणून नवा नवा रुजू झालो, तेव्हा मला राहायला खोली मिळाली ती खांद्याच्या जोरावर. एका वकिलांच्या बंगलीमागची खोली रिकामी असल्याचं कळलं म्हणून सकाळी जाऊन उभा राहिलो. अंगणात एक उघडी मोटर. तिचं बॉनेट वर, आणि त्यात कमरेपर्यंत वाकलेले एक गृहस्थ. मागून फक्त धोतर दिसत होतं, तेव्हा मी धोतरालाच माझं नाव, गाव, शाळा सगळं सांगितलं. धोतर सरळ झालं, तर त्यावर काळा कोट आणि जाड भिंगांचा चष्मा निघाला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. उजवा अंगठा माझ्या खांद्यावर ठेवला, जरा आत दाबला आणि म्हणाले, "सैल हाय. राहा. तंग माणूस मले घरात नको."

आतून बाईंचा आवाज आला, "एक आहे तेवढा पुरे."

हे माझे घरमालक. या गृहस्थांच्या तोंडात तीन भाषा राहायच्या आणि त्या एकमेकींच्या घरी जात नसत. कोर्टात इंग्रजी. दिवाणखान्यात अशिलांसमोर थेट पुण्याहून पार्सलनं मागवल्यासारखी मराठी. आणि बॉनेट वर गेलं की अस्सल वऱ्हाडी. त्यामुळे त्यांच्या मनातलं काही काढून घ्यायचं असेल तर मोटारीशेजारी गाठावं, असा बायकोचाही शिरस्ता होता. त्यांना आम्ही सगळे काकू म्हणत असू. घराला चुना लावायचा असो की माहेरी जायचं असो, काकू बॉनेट उघडायची वाट पाहायच्या.

अंगठ्याचं वेड तर असं, की जगात दिसेल ती ताणलेली वस्तू त्यांना दाबून पाहावी लागे. खाटेची नवार, टांग्याची वादी, झोपाळ्याची दोरी. एकदा गाण्याच्या बैठकीला मला घेऊन गेले, तर गवई यायच्या आधी स्वतः जाऊन तबला दाबून आले. तबलजी रागावला. "रागावू नका," हे शांतपणे म्हणाले, "आपला डावा उतरला आहे." आणि डावा खरंच उतरलेला निघाला. साक्षीदारांनाही कोर्टाच्या ओट्यावर दंडाला धरून चाचपायचे. "हा उलटतपासात तुटणार," म्हणायचे. तो तुटायचा. नाही तुटला तर म्हणायचे, "घरून ताणून आणला होता." वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला बांधलेलं, मोठी अपिलं नागपूरला चालत. तिथे हे आगगाडीनं जात, मोटर नेत नसत. कारण विचारलं तर बॉनेटमधून म्हणाले, "तिथले जज्ज फार तंग. गाडीले ते मानवत नाई."

आता त्या मोटारीविषयी, आणि तिच्या पट्ट्याविषयी. मोटारीच्या इंजिनापुढे पंखा असतो. इंजिनाच्या फिरकीवरून एक पट्टा पंख्याला जातो आणि त्याला फिरवतो. पट्टा सैल पडला तर नुसता घसरतो, पंखा मरगळतो आणि इंजिनातलं पाणी उकळतं. फार ताणला तर कण्हायला लागतो आणि एक दिवस तुटतो. म्हणून पट्ट्याच्या पाठीवर एक लहान चाक स्प्रिंगनं दाबून ठेवलेलं असतं. वकीलसाहेब त्याला दाबचाक म्हणत. दाबचाकाचा स्क्रू फिरवून ताण कमीजास्त करायचा, आणि मग पट्ट्याच्या मधोमध अंगठा ठेवून तो किती दबतो ते पाहायचं. शास्त्र एवढंच. किती दबावा, यावर मात्र एका घराचे दोन तुकडे झाले.

वकीलसाहेबांचं मत होतं, बोटाचं अर्धं पेर. त्यांचा धाकटा भाऊ अकोल्याला डॉक्टर होता. त्याचं मत, पूर्ण पेर.

वडील हयात असताना सगळे मिळून कौंडण्यपूरच्या जत्रेला गेले होते. परतताना पट्टा तुटला. थोरले म्हणाले, तू सैल ठेवला म्हणून घासला. धाकटे म्हणाले, तुमी ताणला म्हणून तुटला. वडील हसत हसत एका बैलबंडीत बसून पुढे निघून आले. हे दोघे बैल जुंपून ओढलेल्या मोटारीत, एक पुढे आणि एक मागे बसून आले, आणि त्या वाटेवर जे गप्प झाले ते गप्पच राहिले. शहाणी माणसं म्हणतात, भांडण कधी पट्ट्याचं नसतं, आत काहीतरी वेगळं असतं. शहाण्या माणसांना मी एवढंच सांगतो, की तुम्ही हे दोन भाऊ पाहिले नाहीत.

वडील गेल्यावर वाटणी मध्यस्थामार्फत अगदी गोडीत झाली. अमरावतीचं घर थोरल्याकडे, अकोल्याचं धाकट्याकडे, नांदगाव खंडेश्वराकडचं वावर अर्धं अर्धं. मोटर उरली. मध्यस्थ म्हणाला, विका. दोघे एका सुरात नाही म्हणाले. कौंडण्यपूरनंतर त्यांचं एकमत झालेलं ते पहिलं. मग तोड निघाली, की दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत गाडी अमरावतीला आणि पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत अकोल्याला. देवघेव मधल्या मूर्तिजापूरला, स्टेशनासमोरच्या लिंबाखाली. मोटर घेऊन येणाऱ्यानं आगगाडीनं परत जायचं. आणि दोघे बोलत नसल्यामुळे मध्ये एक माणूस हवा. मी सैल असल्याचं सिद्ध झालेलंच होतं.

"मास्तर, यांना विचारा, टायर बदलले काय," डॉक्टर म्हणायचे.

मी तीन हातांवर उभ्या असलेल्या वकीलसाहेबांकडे वळायचो. "टायर बदलले काय?"

"सांगा, मागचा एक बदलला."

"मागचा एक बदलला."

"ऐकलं मी. डावा का उजवा?"

"ऐकलं तर मास्तरांना कशाला तकलीफ देता आहात, विचारा त्यांना."

"त्यांना सांगा, मी मास्तरांशी बोलून राहिलो. मधात पडू नका म्हणा."

स्टेशनवरचे हमाल ओझी खाली ठेवून ऐकत. शेवटी डॉक्टर बॉनेट उघडायचे, खिशातून पाना काढायचे आणि दाबचाकाचा स्क्रू दोन आटे मागे फिरवायचे. अंगठा ठेवायचीही गरज नसे. थोरल्यानं अर्धं पेर ठेवलेलं असणार, ते दोन आट्यांनी पूर्ण होणार, हे ठरलेलं. दसऱ्याला गाडी परत येई तेव्हा वकीलसाहेब तसेच न पाहता दोन आटे पुढे फिरवत. त्यांचा रामराम म्हणायचा तो एवढाच.

इथवरची गोष्ट मी बैठकीत सांगतो. दोघांचे आवाज काढून, धोतराचा सोगा धरून सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. मी तिथेच थांबतो. पुढचं इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण डॉक्टर होते. आता तेही गेले.

एका फाल्गुनात काकूंच्या माहेरून बातमी आली, की डॉक्टरांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा अकोटचा, लग्न वैशाखात, अकोल्याला. ही पुतणी लहान असताना वकीलसाहेबांच्या कडेवर बसून बॉनेटमध्ये वाकायची आणि एवढासा अंगठा पट्ट्यावर ठेवायची. पट्टा ढिम्म हलायचा नाही. "मोठेबाबा, हा रुसला," ती म्हणायची. हे काकूंनी मला सांगितलं. वकीलसाहेब त्या दिवशी कोर्टात गेले, आले, जेवले आणि कुठल्याच भाषेत काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुंबईला नव्या दाबचाकाची मागणी गेली. जुनं डगमगायला लागलं होतं हे खरं, पण ते डगमगत दोन वर्षं चाललं होतं.

पार्सल आलं त्या रविवारी मी अंगणात बाज टाकून बसलो. असा खेळ फुकट पाहायला मिळत नाही. वकीलसाहेबांनी खडूनं पट्ट्यावर तो फिरतो त्या दिशेची खूण केली, स्क्रू सैल सोडून पट्टा उतरवला. जुनं चाक बोटानं फिरवून कानाशी नेलं. ते खरखरलं. "म्हातारं झालं बापा," म्हणाले आणि पुसून कोटाच्या खिशात ठेवलं. नवं चाक बसवलं, एक डोळा मिटून सगळी चाकं एका रेषेत आहेत का ते पाहिलं, पट्टा चढवला, स्क्रू आवळला. मग हँडल मारून इंजिन जरा वेळ चालवलं आणि बंद केलं. "नवं चाक अन् नवा जावई," ते म्हणाले, "एक चक्कर मारून आल्यावर पुन्हा तपासा लागते."

काकू ओसरीवर गहू निवडत होत्या. "लग्नाचं बोलावणं नाही," त्या सुपाला म्हणाल्या, "आणि लग्नाच्या गाडीला नवं चाक."

"गाडी अर्धीच माही आहे," बॉनेटमधून उत्तर आलं. "पोरीची वाटणी कोनं केली?"

काकूंचे हात थांबले.

वकीलसाहेबांनी पट्ट्यावर अंगठा ठेवला. अर्धं पेर. त्यांनी पाना पुन्हा लावला आणि स्क्रू दोन आटे मागे घेतला.

"मास्तर, दाबून पाहा. किती?"

"पेरभर."

"सैल हाय?"

"तुमच्या मतानं आहे."

"त्याच्या मतानं?"

"बरोबर आहे."

त्यांनी हात पुसले. सावकाश, एकेक बोट. "चालते पेरभर," म्हणाले. "जुन्यालेही चालली असती."

जे त्यांना ओळखत नव्हते त्यांना या वाक्याची किंमत कळायची नाही. मी बाजेवरून उठून उभा राहिलो.

"सांगायचं नाई त्याले," ते म्हणाले. "अंगठा ठेवन तो. अंगठ्याले समजते."

पाडव्याला मूर्तिजापूरला डॉक्टर नेहमीच्या तीन हातांवर न राहता दोन हातांवर येऊन उभे राहिले. "यांना विचारा, खडखड करत होतं त्या चाकाचं काय केलं."

"सांगा, नवं लावलं."

डॉक्टरांनी बॉनेट उघडलं, पाना काढला आणि आत वाकले. वकीलसाहेबांची नजर त्यांच्या अंगठ्यावर. आणि तेवढ्यात, डोकं आतच ठेवून, डॉक्टर म्हणाले, "वैशाखात पोरीचं लग्न आहे. वहिनीले घेऊन यायचं. चार दिवस आधी यायचं."

या वाक्यात 'मास्तर' नव्हता. मी सवयीनं ते पुढे पोचवायला वळलो, तर वकीलसाहेबांनी माझं मनगट धरलं.

"येतो," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहत होतो, ते भावाच्या पाठीकडे पाहत होते आणि भाऊ आपण काय बोलून बसलो या लाजेनं कानापर्यंत लाल होऊन पाना फिरवत होता. एक आटा. दुसरा आटा. धाडकन बॉनेट बंद झालं, आणि गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागून धुळीत गेलीसुद्धा.

परतीच्या आगगाडीत वकीलसाहेब अनोळखी माणसांशी बोलत होते. एका माळ्याच्या टोपलीतलं टरबूज दाबून त्याला भाव सांगत होते. बडनेरा जवळ आल्यावर एकदम थांबले. "मास्तर, त्यानं अंगठा ठेवला होता काय?"

मी पाहिलंच नव्हतं, तसं सांगितलं.

"ठेवला असेल," ते म्हणाले. "डॉक्टर आहे. नाडी पाहिल्याशिवाय सोडतो का तो."

ते आणि काकू चार दिवस आधी गेले. मी लग्नाच्या सकाळी पोचलो, तर दोघे भाऊ मांडवात शेजारी शेजारी बसून, सायकल शिकणाऱ्या माणसांसारखं, पडत धडपडत बोलत होते.

"ऊन फार आहे."

"हो. ऊन आहे."

"अमरावतीलेही असन."

"आहे ना. तिकडेही तेच आहे."

एवढ्या रटाळ गप्पा मी कधी ऐकल्या नाहीत, आणि एवढ्या आवडीनंही कधी ऐकल्या नाहीत.

नवरदेवाला आणायला मोटर अकोटला गेली होती. गावातल्या गावात, सकाळ-संध्याकाळ ती महिनाभर बरी चालली होती. वैशाखाचं ऊन, लांबचा रस्ता आणि आत दाटीवाटीनं बसलेले वऱ्हाडी हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा सोसायचं होतं. मुहूर्त जवळ आला तरी गाडी येईना. भटजी घटिकापात्राकडे पाहून पाहून घसा खाकरायला लागले. मुहूर्त टळला. मग बाजाराच्या रस्त्यानं एक भाजीची बंडी आली. तिच्यात वांग्यांच्या टोपल्या, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या, आणि त्यांच्या मधोमध मुंडावळ्या सावरत बसलेला नवरदेव. पोरं हसली. नवरदेवाचा मामा हसला नाही. तो बंडीतून उतरला तो 'अपशकुन' हा शब्द घेऊनच. मागून बैलांनी ओढत मोटर आणली. तिच्या तोंडातून अजून वाफ येत होती.

डॉक्टरांनी सगळ्यांदेखत बॉनेट उघडलं. पट्टा लोंबत होता.

"नवं चाक लावलं ना तुमी," ते भावाकडे वळले. आवाज चढला नव्हता, त्यानं जास्त लागत होतं. "जुनं होतं तं एवढी वर्षं पाणी नाई उकळलं. माह्या पोरीच्या लग्नातच उकळलं."

वकीलसाहेब पुढे झाले. त्यांनी पट्ट्यावर अंगठा ठेवला. तो दीड पेर आत गेला. अंगठा तिथेच राहिला. ते काय जुळवत होते ते मला दिसत होतं, कारण मीही तेच जुळवत होतो. दोन आटे यांनी अंगणात सोडले होते, आणि दोन आटे डॉक्टरांनी लिंबाखाली. मी तोंड उघडून एक पाऊल पुढे टाकलं. त्यांचा दुसरा हात माझ्या दंडावर आला आणि अंगठा जोरात रुतला.

"चाक खराब निघालं," ते म्हणाले. "माही चूक झाली."

"चूक नाई," डॉक्टर म्हणाले. "तुमाले माहा पट्टा कधी पटलाच नाई."

लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. आम्ही मांडवाच्या शेवटच्या खांबाशी उभं राहून अक्षता टाकल्या. पंगतीला कुणी बसा म्हटलं नाही. काकू पुतणीला कुंकू लावून आल्या आणि आम्ही स्टेशनवर आलो.

फलाटावर मी म्हणालो, "तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर."

पहिल्यांदाच ते बॉनेट नसताना वऱ्हाडीत बोलले. "मंग काय झालं असतं? आपल्याच हातानं पट्टा सोडला अन् पोरीचा मुहूर्त घालवला, हे त्यानं जन्मभर स्वतःच्या हाताले लावलं असतं. डाक्टरचा हात आहे तो, मास्तर. थरथरला तं कसं जमन? माह्यावर रागावाची त्याले सवय आहे. जमते त्याले ते." मग म्हणाले, "तुमीही बोलू नका. तो आहे तोवर."

काकू दुसरीकडे पाहत होत्या. त्यांना हे सगळं माझ्याआधी कळलं असावं.

दसऱ्याला डॉक्टरांचा माणूस गाडी घेऊन आला आणि किल्ली देऊन गेला. पुढच्या पाडव्याला आम्ही मूर्तिजापूरला गेलो, तर लिंबाखाली कुणी नव्हतं. अकोल्याकडून आगगाडी आली, गेली. संध्याकाळच्या उन्हात आम्ही मोटर घेऊन परत फिरलो. त्यानंतर वकीलसाहेब प्रत्येक पाडव्याला गेले. सकाळी गुढी उभारायची, मोटर धुवायची, पट्ट्यावर अंगठा ठेवून पेरभर ढील पाहून घ्यायची आणि निघायचं. काकू दोघा भावांच्या पुरणपोळ्यांची दोन पुडकी बांधून द्यायच्या. एक आम्ही खायचो, एक परत आणायचो. स्टेशनवरचे हमाल आता हसत नसत. वाटेत मी पुष्कळ नकला करून वकीलसाहेबांना हसवायचा प्रयत्न केला. ते हसायचे, पण परीक्षेत सढळ हातानं मार्क दिल्यासारखे.

मग एका पावसाळ्यात ते थोड्याशा आजारानं गेले. अकोल्याला तार गेली, पण डॉक्टर पोचले ते तेराव्याला. आल्यावर काकूंसमोर बसले, उठले, आणि करण्यासारखं काही नसल्यावर पुरुष जिथे जातो तिथे, म्हणजे अंगणात, गेले. मी मागोमाग गेलो. मोटर पत्र्याखाली उभी होती. त्यांनी बॉनेट उघडलं. मग सावकाश अंगठा पट्ट्यावर ठेवला.

पेरभर.

"मास्तर," ते म्हणाले, "हा असा कोणी ठेवला?"

"त्यांनीच."

"कधीपासून?"

आयुष्यात मी हजार गोष्टी रंगवून सांगितल्या आहेत. त्या वेळी मला एकच साधी गोष्ट नीट सांगता आली पाहिजे होती.

"अलीकडेच," मी म्हणालो. "आजारात हाताला जोर राहिला नव्हता. आवळायला गेले, पण आटे पुढे जाईनात."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

"तेच म्हणतो," ते म्हणाले. "जोर असता तं त्यानं असा ठेवला नसता."

त्यांनी खिशात हात घातला. पाना होता. तेराव्याला येतानाही तो खिशात होता. त्यांनी स्क्रूला पाना लावला आणि दोन आटे पुढे घेतले. अंगठ्यानं दाबून पाहिलं, आणखी जरासा आवळला, पुन्हा दाबून पाहिलं. अर्धं पेर.

"त्याले असा लागे," ते म्हणाले.

हँडल मारल्यावर इंजिन सुरू झालं आणि ताणलेला पट्टा पूर्वीसारखा कण्हायला लागला. घरात, माजघराच्या दारात काकू येऊन उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. कौंडण्यपूरपासून ऐकलेला अर्ध्या पेराचा तो आवाज, पुतणीच्या लग्नानंतर या अंगणात कधी आला नव्हता. त्या उंबऱ्यावर बसल्या.

"चालू राहू द्या थोडा वेळ," त्या म्हणाल्या.